योनिमार्गातील नैसर्गिक जीवाणू

निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात नेहमी आढळणारा सूक्ष्मजीव-समुदाय. प्रजननक्षम वयात त्यात बहुधा लॅक्टोबॅसिलस प्रजातीचे वर्चस्व असते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने योनीच्या अस्तरपेशींत ग्लायकोजेन साठते. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या शर्करांचे हे जीवाणू लॅक्टिक अम्ल बनवतात व स्रावाचे पीएच मूल्य (आम्लतेचे माप; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) साधारणपणे ३.८ ते ४.५ राहते. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि रजोनिवृत्तीनंतर त्यांचे प्रमाण कमी असते.

त्यांच्या पहिल्या सविस्तर वर्णनाचे श्रेय सामान्यतः जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांना दिले जाते. सूतिकाज्वराचा (बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाचा) विचार करताना त्यांनी १८९२ मध्ये योनिस्रावातील दंडाकार जीवाणूंचे वर्णन केले; त्यावरून त्यांना ‘डोडरलाइनचे जीवाणू’ म्हणतात. मात्र हे जीवाणू नेमके कोणत्या जातीचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९२८ मध्ये स्टॅनली थॉमस यांनी ते लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस असल्याचे मांडले आणि पाठ्यपुस्तकांनी ते बराच काळ उचलून धरले. १९८० च्या सुमारास डीएनएच्या तुलनेवरून या एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे दिसले. क्रिस्पॅटस, गॅसेरी व जेन्सेनी या जाती आता प्रमुख मानल्या जातात. चौथी, आयनर्स, १९९९ मध्ये वर्णिली गेली. लॅक्टोबॅसिलससाठीच्या नेहमीच्या संवर्धन-माध्यमावर ती वाढत नाही, तिला रक्तयुक्त अगार (रक्त मिसळलेले जेलीसारखे माध्यम) लागतो, त्यामुळे ती इतकी वर्षे नजरेआड राहिली असावी. हे पाहता ‘डोडरलाइनचे जीवाणू’ हे समूहनाम मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. हे जीवाणू रोगजंतूंपासून जे संरक्षण देतात, त्याचे श्रेय पूर्वी त्यांनी बनवलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला दिले जाई. ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या योनिमार्गात ते कितपत तयार होत असेल, या शंकेमुळे आता लॅक्टिक अम्लाकडे कल आहे.

अमेरिकेतील ३९६ स्त्रियांच्या २०११ च्या अभ्यासात सुमारे चतुर्थांश निरोगी स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व नव्हते. तेव्हा केवळ त्यांच्या अभावावरून आजार ठरवणे योग्य नव्हे.

मुंबईच्या दवाखान्यांत ‘अंगावरून पांढरे जाते’ या तक्रारीमागे पुष्कळदा नैसर्गिक स्रावच असतो. शासकीय कार्यक्रमातील लक्षणाधारित पद्धतीत (केवळ लक्षणांवरून उपचार ठरवण्याच्या) अशा तक्रारीसाठी सेक्निडाझोल (जीवाणू व परजीवींविरुद्ध) व फ्लुकोनाझोल (बुरशीविरुद्ध) असलेला औषधांचा हिरवा संच देतात. जिथे सोय असेल तिथे ग्रॅम-अभिरंजित (जीवाणू दिसण्यासाठी रंगवलेली) काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, जीवाणूंच्या प्रकारांच्या प्रमाणावरून ० ते १० असा न्यूजेंट गुणांक काढता येतो : ३ पर्यंत प्राकृत, ४ ते ६ मध्यम, ७ पासून जीवाणुजन्य योनिविकार. योनिमार्ग आतून साबणाने वा जंतुनाशकाने धुण्याची सवय हा समतोल बिघडवू शकते.