डूख धरलेला डूम: फॅन्टास्टिक फोरच्या जुन्या वैराची पार्श्वभूमी

२०२४ च्या जुलैत सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियरने व्यासपीठावर डॉक्टर डूमचा मुखवटा काढला आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. आनंद मुख्यतः जुना आयर्न मॅन परत येतोय याचा होता. हा डूम कोण, त्याचं वैर कुणाशी आणि कशावरून, हे मागेच राहिलं. खरं तर फॅन्टास्टिक फोर या चौघांच्या टीमशी असलेल्या त्या वैराचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे, आणि अमेरिकन कॉमिक्समध्ये सूड घ्यायला परत परत येणारा खलनायक आज ज्या रूपात आपल्याला माहीत आहे, ते रूप बरंचसं त्याच वैरातून घडलं.

डूम पहिल्यांदा आला १९६२ मध्ये, पण खलनायक परत येणं ही त्या सालची नवलाई नव्हती. १९४० च्या वसंतात ‘बॅटमॅन’चा पहिला अंक आला, त्यात जोकर दोन गोष्टींमध्ये होता. दुसऱ्या गोष्टीच्या शेवटी तो मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते रोखलं आणि तो जिवंत असल्याचं सांगणारी एक चौकट शेवटी जोडायला लावली. त्या एका चौकटीवर पुढची ऐंशीहून जास्त वर्षं उभी आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी ही सुपरहिरोंची पहिली टीम जमली, आणि १९४७ मध्ये जुन्या खलनायकांनी एकत्र येऊन तिच्याविरुद्ध इनजस्टिस सोसायटी उभी केली. म्हणजे टीम होती, परतणारे शत्रूही होते. नव्हती ती आठवण. जोकर दर वेळी नव्या युक्तीसह यायचा, हरायचा, आणि पुढच्या खेपेला मागच्या हरण्याचं त्याच्या मनावर काही ओझं नसायचं. वाचकाने मधले अंक वाचले नसले तरी अडत नसे, कारण मधे साचलेलंच काही नसायचं.

मग १९५४ आलं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा आरोप केला, अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला. कोडचं एक कलम असं की, प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला त्याच्या कृत्याची शिक्षा मिळालीच पाहिजे. दुसरं असं की, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल अशा रीतीने गुन्हा रंगवायचा नाही. ही दोन कलमं लक्षात ठेवायला हवीत. शिक्षा झालीच पाहिजे, तर खलनायक परत कसा येणार? सहानुभूती नको, तर त्याच्या सुडाला कारण तरी काय द्यायचं?

पुढे मार्व्हल झालेल्या कंपनीपुढे आणखी एक अडचण होती. १९५७ मध्ये मालक मार्टिन गुडमन यांचा वितरक बुडाला आणि अंक विक्रीला पोचवण्यासाठी त्यांना इंडिपेंडंट न्यूजकडे जावं लागलं. ही वितरण कंपनी प्रतिस्पर्धी नॅशनलची, म्हणजे आज ज्याला आपण डीसी म्हणतो त्यांची. अट अशी की महिन्याला साधारण आठच अंक काढायचे. अशा दाटीवाटीत ‘फॅन्टास्टिक फोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ ची तारीख घेऊन आला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी या जोडीने त्यात चार माणसं आणली: शरीर हवं तसं ताणू शकणारा शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स, अदृश्य होणारी सू स्टॉर्म, तिचा पेट घेणारा धाकटा भाऊ जॉनी, आणि दगडी देहात कायमचा अडकलेला बेन ग्रिम. ही चौघं एकाच घरात राहायची, भांडायची, एकमेकांवर रुसायची. टीमपेक्षा कुटुंबच ते. त्यामुळे त्यांच्यावर सूड उगवायचा तर शहर उद्ध्वस्त करण्याची गरज नव्हती, त्यांच्या घरात शिरलं की पुरे. हे कर्बी आणि ली यांना पाचव्या-सहाव्या अंकापर्यंत नेमकं उमगलं होतं.

पण डूमच्या आधी परतला तो नेमॉर. बिल एव्हरेटने १९३९ मध्ये निर्माण केलेला हा सब-मरिनर, समुद्राखालच्या राज्याचा राजपुत्र, १९५५ नंतर दिसेनासा झाला होता. मे १९६२ च्या चौथ्या अंकात जॉनी घरातून रुसून निघून जातो आणि न्यूयॉर्कच्या बावरी भागात बेघर पुरुषांच्या एका स्वस्त निवाऱ्यात रात्र काढायला थांबतो. तिथे त्याच्या हाती सब-मरिनरचंच एक जुनं, फाटकं कॉमिक लागतं. आणि तिथलाच एक दाढीवाला, स्मृती हरवलेला माणूस नेमॉर निघतो. जॉनी त्याला समुद्रात टाकतो, पाणी लागताच नेमॉरला सगळं आठवतं, तो घरी जातो आणि पाहतो तर काय: अणुचाचण्यांनी त्याचं नगर बेचिराख झालेलं. तो माणसांवर सूड घेण्याची शपथ घेतो. सोव्हिएत रशियाने जगातला सर्वांत मोठा अणुस्फोट केला होता तो ऑक्टोबर १९६१ मध्ये, म्हणजे हा अंक येण्याच्या काही महिने आधी. अमेरिकेने तर पॅसिफिकमधली बेटं १९४६ पासून भाजून काढली होती. बारा सेंटच्या कॉमिकमध्ये नेमॉरचा राग वाचणाऱ्या मुलाला तो खोटा वाटण्याचं कारणच नव्हतं. सहानुभूती नको म्हणणारा कोड इथे पहिल्यांदा गुपचूप वाकला असं मला वाटतं.

जुलै १९६२ च्या पाचव्या अंकात डॉक्टर डूम आला. चिलखत, लोखंडी मुखवटा, हिरवा झगा. तो सूला ओलीस ठेवतो आणि बाकीच्या तिघांना कालयंत्रातून भूतकाळात पाठवतो, ब्लॅकबिअर्ड नावाच्या समुद्री चाच्याचा खजिना आणायला. गोष्ट म्हणून तो अंक फार उंचीचा नाही, गोंधळच जास्त आहे. महत्त्वाचं आहे ते रीडने सुरुवातीला सांगितलेलं: हा माणूस माझ्याबरोबर कॉलेजात होता, निषिद्ध प्रयोग करताना स्फोट झाला, चेहरा विद्रूप झाला, त्याला काढून टाकलं गेलं. म्हणजे वैर पहिल्या पानाच्या कितीतरी आधीचं. वाचकाला डूम पहिल्यांदा दिसतो तेव्हाच तो परत आलेला असतो. याच अंकात बेन त्याच्यावर झडप घालतो आणि हाती लागतो तो डूमसारखा दिसणारा यंत्रमानव. ही सोय पुढच्या लेखकांनी अगदी मनमुराद वापरली.

लगेच सहाव्या अंकात डूम नेमॉरकडे जातो. मार्व्हलच्या या नव्या पर्वात दोन खलनायकांनी केलेली ही पहिली हातमिळवणी, आणि माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत उत्तम अंक. डूम नेमॉरच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, त्याला त्याच्या बुडालेल्या नगराची आठवण करून देतो. नेमॉर एक चुंबकीय यंत्र बॅक्स्टर बिल्डिंगमध्ये नेऊन ठेवतो, आणि डूम चौघांचं राहतं घर, ती अख्खी इमारत, मुळासकट उपटून अवकाशात ओढून नेतो. आत नेमॉरही असतो. भागीदाराला दगा द्यायला डूमला एक क्षणही लागत नाही. शेवटी इमारत आणि माणसं वाचतात ती नेमॉरमुळे. एकाच अंकात दोन सूड शेजारी शेजारी उभे केले आहेत: एक आपल्या प्रजेसाठी पेटलेला, म्हणून थांबू शकणारा, आणि दुसरा केवळ स्वतःच्या मानापमानाचा, ज्याला तळ नाही. डूम उल्केला चिकटून अंधारात वाहत जातो.

इथून कोडच्या कोड्याची उकल सापडली. डूमला तुरुंगात घालायचं नाही, मारायचंही नाही. त्याच्याच शस्त्राने किंवा त्याच्याच हट्टाने त्याला कुठेतरी हरवून टाकायचं. जानेवारी १९६३ च्या दहाव्या अंकात तो परततो, परग्रहवासीयांकडून शिकलेल्या विद्येने रीडशी शरीराची अदलाबदल करतो, आणि शेवटी आकसत आकसत दिसेनासा होतो. (याच अंकात ली आणि कर्बी स्वतः पात्र म्हणून येतात, डूम त्यांच्या कार्यालयात जाऊन धमकावतो.) सोळाव्या अंकात कळतं की तो सूक्ष्म जगात पोचून तिथला राजा झाला होता. सतराव्यात आपल्या यानातून आकाशात उडी घेतो. तेविसाव्यात अवकाशात खेचला जातो. दर वेळी शिक्षा झाली असं म्हणता येतं, दर वेळी दार किलकिलं राहतं. आणि जोकरपेक्षा मोठा फरक असा की, डूम परततो तेव्हा मागचा प्रत्येक पराभव त्याला पाठ असतो. तो पुढच्या डावात मागच्याचा हिशेब मांडतो. आपल्याकडे नागाने डूख धरला म्हणतात, ते त्याला तंतोतंत लागू पडतं.

१९६४ च्या दुसऱ्या वार्षिकांकात कर्बी आणि ली यांनी या माणसाची अकरा-बारा पानांत जन्मकथा सांगितली. लॅटव्हेरिया नावाचा, युरोपच्या डोंगरांतला एक काल्पनिक देश. भटक्या रोमा जमातीतला एक वैद्य, वेर्नर फॉन डूम. तिथल्या उमरावाची बायको आजारी पडते, वेर्नर तिला वाचवू शकत नाही, आणि जीव वाचवायला लहान व्हिक्टरला घेऊन तो कडाक्याच्या थंडीत पळतो. मुलाला स्वतःच्या अंगावरच्या कपड्यात गुंडाळतो आणि गारठ्याने मरतो. पुढे व्हिक्टर अमेरिकेत शिकायला जातो, रीड त्याला एकत्र खोली घेऊन राहू म्हणतो, तो झिडकारतो. नंतर रीडच्या नजरेला त्याची आकडेमोड पडते, त्यातली चूक तो दाखवतो. व्हिक्टर ऐकत नाही. यंत्र फुटतं. तिबेटमधल्या भिक्षूंकडून तो चिलखत घडवून घेतो आणि मुखवटा पुरता थंड व्हायच्या आतच चेहऱ्यावर चढवायला लावतो.

हे सगळं वैर एका बरोबर असलेल्या गणिताचं आहे. रीडने त्याचं काहीच वाकडं केलं नव्हतं, फक्त चूक दाखवली होती. ते सहन न होणं हा डूमचा सगळा स्वभाव. कर्बीने दुसऱ्या महायुद्धात युरोपात पायदळात लढून हुकूमशाही जवळून पाहिली होती, आणि एका छोट्या देशाचा सर्वसत्ताधीश, ज्याला कधीही चूक मान्य नाही, हे चित्र त्याने ऐकीव माहितीवर काढलेलं नव्हतं. डूम राष्ट्रप्रमुख असल्यामुळे पोलिसी बेडीचा प्रश्नही मिटला. आता तो दूतावासाच्या दाराने येऊ शकत होता, आणि त्याच वार्षिकांकाच्या दुसऱ्या गोष्टीत तो तसाच येतो. तिचा शेवट विलक्षण आहे: संमोहनाच्या भ्रमात आपण रीडला हरवलं असं समजून तो समाधानाने निघून जातो.

भ्रम कधीतरी उतरणारच. जून आणि जुलै १९६५ चे ३९ आणि ४० हे अंक म्हणजे या परंपरेचा कळस. डूमला कळतं की आपल्याला फसवलं होतं. आणि तो परततो तेव्हा चौघांच्या शक्ती नुकत्याच गेलेल्या असतात. बॅक्स्टर बिल्डिंग त्याच्या ताब्यात, रीडचीच यंत्रं त्यांच्यावर उलटलेली, रस्त्यावर चार साधी माणसं, आणि मदतीला फक्त डेअरडेव्हिल हा आंधळा सुपरहिरो. (त्याची चित्रं ३९ व्या अंकात वॉली वुडने शाईत उतरवली, कारण तेव्हा ‘डेअरडेव्हिल’ तोच काढत होता.) शेवटी रीडला एकच मार्ग उरतो. बेन माणूस म्हणून आरशात पाहू लागलेला असतो, त्याला त्याच्या मनाविरुद्ध पुन्हा दगड करायचं. तो दगडी बेन डूमला गाठतो आणि त्याचे पोलादी पंजे हातांनी चुरडतो. डूम हरतो, पण बेन रीडवर चिडून घर सोडून जातो. सुडाची किंमत जिंकणाऱ्यांनी चुकवली, आणि पुढचे तीन अंक ती चुकवण्यातच जातात. इतकं प्रौढ काही त्या काळच्या मुलांच्या कॉमिक्समध्ये फार क्वचित आलं.

रीड आणि सूच्या लग्नात डूमने सगळे खलनायक त्यांच्यावर सोडले, १९६६-६७ मध्ये सिल्व्हर सर्फर या परग्रहवासीयाची शक्ती चोरली, हे पुढचं. कर्बीने १९७० मध्ये मार्व्हल सोडल्यावर डूम बरेचदा नुसता गर्जना करणारा झाला. अपवाद नोव्हेंबर १९७८ चा दोनशेवा अंक, ज्यात रीड आणि तो एकटे समोरासमोर येतात. मग लेखक-चित्रकार जॉन बर्न आला. १९८२ मधल्या २४७ व्या अंकापर्यंत गोष्ट अशी वळते की डूमला हटवून आलेल्या राजाने लॅटव्हेरिया उद्ध्वस्त केलेला असतो, आणि फॅन्टास्टिक फोरलाच डूमला गादीवर परत बसवायला हातभार लावावा लागतो. वैऱ्याचं परतणं नायकांच्याच हातून घडवणं ही बर्नची मोठी झेप होती.

चेहऱ्याचा वादही त्यानेच मिटवला. कर्बीचं म्हणणं असं होतं की डूमच्या गालावर बारीकसा व्रणच असावा, पण परिपूर्णतेच्या वेडापायी त्याला तोही सोसला नाही. वाचकांना मात्र भयानक चेहराच हवा होता. १९८५ च्या २७८ व्या अंकात बर्नने दोन्ही खरं ठरवलं: स्फोटाने लहान व्रण दिला, बाकीचा चेहरा तापलेल्या मुखवट्याने जाळला.

याच सुमारास आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून जादूगार मॅन्ड्रेक वाचलेल्यांना कोब्रा आठवेल. तोही जुना वैरी, १९३० च्या दशकातला, आणि १९६५ मध्ये चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा घालून परतलेला. मॅन्ड्रेकचा जनक ली फॉकने त्याला डूमवरून घेतलं असं म्हणायला आधार नाही, पण त्या दशकाला मुखवट्याआडचा जुना शत्रू हवा होता हे दिसतं.

नव्या वाचकाने पाचव्या अंकापासून सुरुवात करू नये असं मी सांगेन. आधी १९६४ चा वार्षिकांक वाचावा, मग सहावा, मग ३९ आणि ४० एका बैठकीत. त्यानंतर बर्नचे २४६ आणि २४७. मधले अंक सुटले तर सुटू द्यावेत, पण ४० व्या अंकानंतरचे तीन सोडू नयेत, कारण बेन घरी परत कसा येतो हे त्यांतच आहे.