केपलर, हर्बर्ट

केपलर, हर्बर्ट : (२१ एप्रिल १९२५ – ४ जानेवारी २००८). अमेरिकन छायाचित्रण-पत्रकार, संपादक व कॅमेरा-परीक्षक. ‘बर्ट’ या नावाने परिचित. वडील व्हिक्टर केपलर हे जाहिरात व रंगीत छायाचित्रणातील नामवंत. १९५० मध्ये हर्बर्ट ‘मॉडर्न फोटोग्राफी’ या मासिकात दाखल झाले. १९३७ मध्ये ‘मिनिकॅम’ म्हणून निघालेल्या या मासिकाने नवे नाव नुकतेच धारण केले होते. तेथे ते संपादक व पुढे प्रकाशक झाले.

जपानी कॅमेऱ्यांना अमेरिकेत मान्यता कोणामुळे मिळाली, याबद्दल मतभेद आहेत. रूढ कथेनुसार ‘लाइफ’ या अमेरिकन सचित्र साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना १९५० मध्ये टोकिओत जपानी छायाचित्रकार जून मिकी यांच्याकडील निक्कॉर (निकॉन कंपनीच्या) भिंगाची प्रचीती आली. कोरियन युद्धात त्यांनी ही भिंगे वापरली आणि डिसेंबर १९५० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील जेकब डेशिन यांच्या लेखाने बातमी सर्वतोमुखी झाली. केपलर यांना हे श्रेय देणारेही आहेत, पण आरंभाचा मान डंकन–डेशिन यांच्याकडेच जातो. मात्र युद्धभूमीवरील शिफारशीने हौशी ग्राहक पैसे मोजतोच असे नाही. त्याचा विश्वास दर महिन्याच्या परीक्षणांतून बसला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

एकभिंगी परावर्ती, म्हणजे एसएलआर (छायाचित्र घेणाऱ्या भिंगातूनच, आरशाच्या साहाय्याने दृश्य दाखविणाऱ्या), कॅमेऱ्याचा केपलर यांनी हिरिरीने पुरस्कार केला. त्या काळी व्यावसायिकांची पसंती लायका व कॉन्टॅक्स या रेंजफाइंडर (भिंगाऐवजी वेगळ्या खिडकीतून दृश्य पाहून अंतर जुळविण्याच्या) कॅमेऱ्यांना होती. जुन्या एसएलआरमध्ये बटण दाबताच आरसा वर जाई आणि फिल्म पुढे सरकवेपर्यंत तेथेच राही. तोवर व्ह्यूफाइंडरमध्ये (दृश्य पाहण्याच्या खिडकीत) अंधार. आरसा तत्काळ खाली आणणारी रचना जपानच्या असाही कंपनीच्या १९५४ मधील असाहिफ्लेक्स २बी मध्ये आली. तिच्या जनकत्वाबद्दलही वाद आहे. हंगेरीतील गामा कारखान्याच्या ड्युफ्लेक्समध्ये ती १९४० च्या दशकाअखेरीसच होती; तेव्हा असाहीला जपानपुरते अग्रस्थान देणे योग्य. आरशातील प्रतिमा सरळ करून डोळ्याच्या पातळीवर दाखविणाऱ्या पंचकोनी लोलकाचा मान कॉन्टॅक्स एस (१९४९) या जर्मन कॅमेऱ्याला सामान्यतः दिला जातो. दोन्ही सोयी असाही पेन्टॅक्समध्ये १९५७ साली, तर निकॉन एफमध्ये १९५९ साली एकत्र आल्या. योगायोग असा की, असाहिफ्लेक्स २बी प्रमाणे रेंजफाइंडरचा कळस मानला जाणारा लायका एम३ देखील १९५४ चाच.

‘मॉडर्न’ची परीक्षणपद्धती हे केपलर यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे काम. बारीक रेषांच्या तक्त्याचे छायाचित्र घेऊन फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली तपासत व मध्यभागी आणि कोपऱ्यात दर मिलिमीटरला किती रेषा सुट्या दिसतात हे प्रत्येक छिद्रमानाला (भिंगाच्या छिद्राच्या आकाराला) नोंदवीत. शटरवर १/१००० सेकंद लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष वेग किती, हेही छापले जाई. कॅमेरे विकणाऱ्यांच्याच जाहिरातींवर मासिक चाले, त्यामुळे परीक्षणांची भाषा मवाळ असल्याचा आक्षेप सर्वस्वी अनाठायी नाही; पण आकडे वाचकाला स्वतः ताडून पाहता येत. टपालाने माल विकणाऱ्या जाहिरातदारांसाठी मासिकाने आचारसंहिताही लागू केली.

पेन्टॅक्स व निकॉन वापरणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके बरीच खपली. १९८७ मध्ये ते ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ या प्रतिस्पर्धी मासिकात गेले. ‘मॉडर्न’ १९८९ मध्ये बंद पडून त्याचे वर्गणीदार त्याच मासिकाकडे वळविण्यात आले. केपलर यांचे स्तंभलेखन अखेरपर्यंत चालू होते.