लहान विमान धावपट्टीबाहेर गेलं, म्हणजे ब्रेकच फेल झाले होते का?

'उतरताना विमान धावपट्टी ओलांडून गेलं म्हणजे ब्रेक फेल,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं स्वाभाविक आहे. रस्त्यावर गाडी थांबली नाही की आपल्याला आधी ब्रेकच आठवतात.

ब्रेक कधी निकामी होतातही. पण पुष्कळदा घोळ चाकं टेकण्याआधीच झालेला असतो. चार आसनी सेसना १७२एस घ्या. वारा नसताना, समुद्रसपाटीवरच्या कोरड्या पट्टीवर ते जमिनीवर साधारण ५७५ फूट धावतं. ५० फूट उंचीपासून मोजलं तर मात्र सुमारे १,३३५ फूट लागतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त अंतर हवेतच सरतं आणि तिथे ब्रेक काय करणार?

वेग जास्त असला की विमान टेकतच नाही, पट्टीवर तरंगत राहतं. टेकल्यावरही पंख थोडा भार उचलून धरतात, त्यामुळे चाकांची पकड कमी पडते. त्यात वेग १० टक्के जास्त असेल, तर धाव साधारण २१ टक्क्यांनी वाढते.

वाऱ्याचा हिशेब तर फारच कडक आहे. याच सेसनासाठी समोरून ९ नॉट (नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा असेल तर अंतर १० टक्के घटतं. मागून नुसता २ नॉट असला तरी तेवढंच वाढतं.

हे पडताळायचं तर विमानाच्या पुस्तिकेतला लँडिंगचा तक्ता पाहा. व्हिडिओ असेल तर पट्टीकडेचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, शोधा. विमान ज्या दिशेने जातंय त्याच दिशेला त्याचं निमुळतं टोक असेल, तर वारा मागून होता. मग चाकं पट्टीच्या कितव्या भागात टेकली तेही बघा.