एकांत राहिला, मौन गेलं: ख्रिस्ती साधनेची पार्श्वभूमी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, जवळ आला की कोल्हापूरच्या एखाद्या तरुण संघात कुणीतरी 'मौनाचा दिवस' काढायची कल्पना मांडतं. पन्हाळ्यावर एखादं घर बघायचं, मोबाईल एका पिशवीत जमा करायचे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, एवढाच बेत. ज्येष्ठांकडून त्यावर ठरलेले दोन शेरे येतात. 'हे कॅथलिकांचं, आपल्यात नसतं' हा एक, आणि 'मग आळत्याला विपश्यनेलाच जा की' हा दुसरा; आळत्याला विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे आणि बरंचसं विस्मरण. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, मौन परकं का वाटतं याचं उत्तर कोल्हापुरात कमी आणि सोळाव्या शतकातल्या युरोपात जास्त सापडतं. पण सुरुवात त्याच्याही बरीच आधी करावी लागते.

पवित्र शास्त्रातली उदाहरणं पाळकांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेली आहेत. होरेब डोंगरावर एलीयाला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला. येशू सेवाकार्याला लागण्याआधी चाळीस दिवस अरण्यात होता, आणि कफर्णहूमात रोग्यांची रीघ लागली असताना पहाटे अंधारातच उठून एकांती प्रार्थनेला निघून गेला. शिष्य त्याला शोधत आले, ते 'सगळे तुमचा शोध करतात' म्हणत. कार्यकर्त्याला एकटं बसू द्यायचं नाही ही मंडळीची सवय तेव्हापासूनची दिसते.

या प्रसंगांची साधना झाली ती इजिप्तच्या वाळवंटात. इ. स. २७० च्या सुमाराला अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये 'तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे' हे वचन ऐकलं आणि शब्दशः घेतलं. आईवडील नुकतेच वारले होते. वडिलोपार्जित जमीन तीनशे अरूरा, म्हणजे आजच्या मापाने दोनशे एकरांच्या आसपास, तीही नाईलच्या काठची सुपीक. ऊसपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, दोनशे एकर असली जमीन गावाला देऊन टाकणं म्हणजे काय ते. धाकट्या बहिणीला त्याने व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली केलं. तिला विचारलं होतं का, हे त्याचं चरित्र लिहिणारे बिशप अथनासियस सांगत नाहीत. पुढे एका ओसाड किल्ल्यात अँथनी वीस वर्षं एकटा राहिला. त्या वर्षांत शांती वगैरे फारशी नव्हती. चरित्रात आहे ती झोंबाझोंबी. सैतान, भास, मारहाण, किंचाळ्या. एकांत म्हणजे विश्रांती ही समजूत फार अलीकडची. त्या लोकांसाठी एकांत म्हणजे आखाडा होता.

अँथनी गेला ३५६ साली. तोवर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती होणं सुरक्षितच नव्हे तर सोयीचंही झालं होतं, आणि हा सोयीस्कर धर्म ज्यांना पटला नाही ते नित्रिया, स्केतिस अशा ठिकाणी झोपड्या बांधून राहू लागले. ताडाच्या पात्यांच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या विणायच्या आणि स्तोत्रं म्हणायची. त्यांच्यातल्या अगाथोनबद्दल सांगतात की गप्प राहणं जमावं म्हणून त्याने तीन वर्षं तोंडात खडा धरला होता. पाम्बोला भेटायला आलेल्या बड्या बिशपापुढे तो काही बोलेचना. इतरांनी डिवचलं तेव्हा म्हणाला, माझ्या गप्प बसण्याने त्यांना काही मिळालं नसेल तर बोलण्यानेही मिळणार नाही.

सगळ्यांत नेमकं लिहून ठेवलं ते वाळवंटातल्याच इवाग्रियस या संन्याशाने (मृत्यू ३९९). दुपारच्या वेळी संन्याशाला पछाडणाऱ्या एका भुताचं त्याने केलेलं वर्णन असं: सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. माणूस सारखा खिडकीशी जातो, जेवणाच्या वेळेला, म्हणजे तीनला, किती अवकाश आहे ते बघतो. कुणी बंधू इकडे येतोय का म्हणून डोकावतो. मग ही जागाच वाईट वाटू लागते, हाताचं काम नकोसं होतं, घरची माणसं आठवतात, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतं. पन्हाळ्याच्या त्या बेतात दुपारी साडेबाराला पिशवीतल्या मोबाईलची आठवण ज्याला येईल त्याने एवढं ध्यानात घ्यावं की हा त्रास सोळाशे वर्षांपूर्वी नोंदवलेला आहे. त्यावरचा वाळवंटातला उपायही साधा होता: खोली सोडू नकोस. आब्बा मोशे (शास्त्रातला मोशे नव्हे, वाळवंटातला एक संन्यासी) एका तरुणाला म्हणाला, जा, खोलीत बस, तुझी खोलीच तुला सगळं शिकवील.

पुढे एकट्यांचे समूह झाले आणि समूहाला नियम आले. सहाव्या शतकात बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत. सहावं संयत बोलण्याचं; बेचाळिसाव्यात रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कुणी बोलू नये असा दंडक. माणसाचा स्वभाव असा की बोलणं बंद केलं तर तो हातवारे शोधतो. फ्रान्समधल्या क्लूनी मठात खुणांची अख्खी भाषा तयार झाली. मासा हवा असेल तर हात शेपटीसारखा हलवायचा. १०८४ मध्ये ब्रूनोने आल्प्समध्ये सुरू केलेला कार्थुसियन संघ याच्या पलीकडे गेला: प्रत्येकाची वेगळी कुटी, जेवणही बहुतेक दिवस एकट्याने. पूर्वेकडच्या चर्चमध्ये आथोस पर्वतावर श्वासाच्या लयीत येशूचं नाव घेण्याची पद्धत रुजली. आपल्या नामस्मरणाशी तिचं नातं जोडायचा मोह होतो, पण इथे त्यात शिरत नाही.

आणि मग तो सांधा, जिथे आपली वाट फुटली. प्रॉटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली तो मार्टिन ल्यूथर स्वतः मठवासी होता, त्यामुळे त्याची टीका आतल्या माणसाची होती. मौन, उपास, संन्यास यांनी पुण्य साठतं आणि मठातला माणूस शेतातल्या माणसापेक्षा देवाला जवळचा ठरतो, हे त्याला मान्य नव्हतं. १५२१ मध्ये त्याने मठवासीयांच्या शपथांवरच हल्ला चढवला. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बंदच करून टाकले. त्याचा डोळा मात्र पुण्यापेक्षा मालमत्तेवर होता. मठ गेले तसं मौनाचं शिक्षण देणारी जागाच गेली. उपासनेच्या मध्यभागी वचन आलं, म्हणजे वाचन, उपदेश, गायन. ल्यूथरचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पण आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही गेलं.

सगळंच मात्र गेलं नाही. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर ही येशूची आज्ञा प्युरिटन मंडळींनी, म्हणजे इंग्लंडातल्या कडव्या प्रॉटेस्टंटांनी, फार मनावर घेतली. रोज एकट्याने शास्त्रवाचन, आत्मपरीक्षण, रोजनिशी, प्रार्थना. म्हणजे एकांत राहिला, मौन गेलं. दार लावून आत गेलेला माणूस आतमध्ये बोलतच होता. अपवाद क्वेकरांचा. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनी पाळक, वेदी, गाणी सगळं बाजूला सारलं आणि एकत्र गप्प बसण्यालाच उपासना मानलं.

कोल्हापुरात जो ख्रिस्ती धर्म आला तो या प्युरिटन घरातला. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून १८५२ मध्ये इथे आले. १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. बाजारात उपदेश, शाळा, पत्रकं, पुढे दवाखाने. संस्थानाच्या राजधानीत मूठभर माणसांना आपलं म्हणणं पोचवायचं होतं, तिथे गप्प बसणं परवडणारं नव्हतं. वायल्डरांचं नाव शहरातल्या चर्चला आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या पुढाकाराने शंभर तरुण मिशनसेवेला तयार झाले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचे धुरीण जॉन मॉट यांनी पहाटेच्या एकांत प्रार्थनेचा जगभर प्रसार केला. म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाचा या सवयीच्या इतिहासाशी संबंध आहे, फक्त तिचं रूप तेच जुनं: वाचा, विनंत्या करा, उठा.

आपल्याकडे मौन औषधालाही कसं उरलं नाही, हे गुड फ्रायडेला कळतं. दुपारी बारा ते तीन, येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते. ही तीन तासांची पद्धत मूळची पेरूमधल्या लिमा शहरातल्या जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची. प्रत्येक उद्गारावर थोडं बोलायचं आणि मग शांतपणे मनन करायचं, असा तिचा घाट. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सात वक्ते, सात गीतं आणि घड्याळाकडे बघणारे सूत्रसंचालक. मननाच्या जागी आता 'वेळेअभावी' हा शब्द येतो.

मराठी ख्रिस्ती जगात मौन परतलं ते आडवाटांनी. तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असं सांगणारे नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून मोकळे झाले आणि साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्ये ते गेले, दरबार फार टिकला नाही. पण ख्रिस्ती साधनेला आश्रमाचं रूप देता येईल हे बीज पडलं. त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला, आणि त्यातून पुण्यात शिवाजीनगरला आश्रम झाला. पुढे १९७० च्या दशकात तिथेच अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. तमिळनाडूत कावेरीकाठी १९५० मध्ये दोन फ्रेंच धर्मगुरूंनी शांतिवनम् सुरू केला होताच.

दुसरी वाट जेझुइटांची. मुंबईत जन्मलेले अँथनी डिमेलो पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात धर्मगुरूंना व भगिनींना प्रार्थना शिकवत. आधी गप्प बसा, श्वासाकडे लक्ष द्या, इथून सुरुवात. १९७८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड फॉस्टर या क्वेकराने उपास, अभ्यास, एकांत यांना पुन्हा 'शिस्त' म्हणून प्रॉटेस्टंटांपुढे ठेवलं. कोल्हापूरच्या तरुणाच्या हाती आज जी इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ पडतात, ते बहुतेक या दुसऱ्या पुस्तकाच्या गोतावळ्यातले.

शंका घेणारे सगळेच मागासलेले नसतात. १९८९ मध्ये व्हॅटिकननेच एका पत्रातून इशारा दिला होता की ध्यानाचं तंत्र म्हणजे प्रार्थना नव्हे, आणि १९९८ मध्ये डिमेलोंच्या काही लेखनावर हरकत घेतली. आळत्याच्या केंद्रात दहा दिवस मौन पाळून माणूस स्वतःच्या संवेदना पाहायला शिकतो. ख्रिस्ती मौनात समोर कुणीतरी आहे असं गृहीत असतं, आणि त्याचं ऐकायचं असतं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, म्हणून ज्येष्ठांची गल्लत होते.

खरी अडचण निराळी. दार लावून घ्यायला खोली लागते, आणि दोन खोल्यांत सहा माणसं असलेल्या घरात ती मिळायची कुठून? त्यातही घरातल्या बाईला? वाळवंटातल्या स्त्री-संन्याशांपैकी सिंक्लेटिका म्हणायची की गर्दीत राहूनही मनाने एकांतात असता येतं, आणि एकांतात राहूनही मनात बाजार भरतो. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याने तर व्यवहारी तोडगाच काढला. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या साधनापुस्तिकेत पूर्ण साधना तीस दिवसांची, घरदार सोडून करायची आहे. पण ज्यांना कामधंदा सोडता येत नाही त्यांच्यासाठी सुरुवातीच्या सूचनांपैकी एकोणिसाव्या सूचनेत सोय आहे: घरीच राहा, रोज दीड तास काढा, आणि सोबतीला एक जाणता माणूस ठेवा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारालाही हे जमण्यासारखं आहे. दीड तास निघेल. जाणता माणूस मात्र आधी आपल्या मंडळ्यांना तयार करावा लागेल.