पार्श्वभूमी: लॉर्ड चॅन्सलरचा झगा राहिला, काम गेलं

ब्रिटनचा न्यायमंत्री लॉर्ड चॅन्सलर या जुन्या पदाचीही शपथ घेतो, तेव्हा काळ्या कापडावर सोनेरी जरीकाम केलेला पायघोळ झगा घालतो. मागचा सोगा उचलून धरायला वेगळा माणूस लागतो. एका साध्या खात्याच्या मंत्र्याला हा थाट कशाला, याचं उत्तर मध्ययुगात कमी आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जास्त सापडतं.

लॉर्ड चॅन्सलर म्हणजे मूळचा राजाचा चिटणीस आणि राजमुद्रेचा राखणदार. हे पद किमान अकराव्या शतकापासूनचं. १५३५ मध्ये एका माजी लॉर्ड चॅन्सलरचं शिर राजाच्याच मर्जीने उडवलं गेलं, एवढी त्याची राजाशी जवळीक होती. विसाव्या शतकात येईपर्यंत एकाच माणसाच्या वाट्याला तीन कामं आली होती: मंत्रिमंडळात मंत्री, न्यायव्यवस्थेचा प्रमुख आणि वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष. या सभागृहात तो लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसे. १९३८ मध्ये ती उसवली तर आत घोड्याचे केस निघाले. मग ब्रिटन आणि राष्ट्रकुलातून आणलेली लोकर भरली गेली. परंपरा जपणाऱ्यांनीही ती कधी उघडून पाहिली नव्हती, हे त्यातलं मजेशीर.

१९९८ साली त्या वेळच्या लॉर्ड चॅन्सलरनी रोजच्या कामकाजापुरती गुडघ्यापर्यंतची तुमान, घट्ट पायमोजे आणि बकलांचे बूट यांतून सूट मागितली. विग आणि झगा राहणार होताच, बदल फक्त कमरेखालचा. तरी त्यावर रीतसर चर्चा झाली, सभासदांनी मतदान केलं आणि मगच त्यांना साधी पँट घालायची मुभा मिळाली.

पद रद्द करायची वेळ आली तेव्हा मात्र एवढंही सोपस्कार कोणी केलं नाही. तीन कामं एका हाती असणं जुनाट झालं होतं, यात शंका नाही. कायदे करणाऱ्यानेच न्यायनिवाडा करावा का, या प्रश्नावर २००० साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटिश राजसत्तेखालच्या गर्न्सी बेटाच्या एका प्रकरणात अशा पद्धतीविरुद्ध निकाल दिलेला होता. पण १२ जून २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या फेरबदलाबरोबरच सरकारने शतकानुशतकांचं हे पद बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. सरन्यायाधीशांना आधी विचारलेलं नव्हतं. सल्लामसलतीचे कागद नंतर निघाले. मग लक्षात आलं की शेकडो कायद्यांत लॉर्ड चॅन्सलरचा उल्लेख आहे आणि संसदेच्या मंजुरीशिवाय तो पुसता येत नाही. वरिष्ठ सभागृहाला अध्यक्षही हवाच होता. परिणामी पद मोडीत काढायला नेमलेल्या मंत्र्यालाच पुढची तीन वर्षं विग चढवून त्या लोकरीच्या बैठकीवर बसावं लागलं. पायमोज्यांसाठी मतदान आणि पदासाठी नुसतं पत्रक, असा हा उफराटा न्याय होता.

शेवटी २००५ च्या कायद्यात तडजोड झाली. पदनाम टिकलं. न्यायव्यवस्थेचं प्रमुखपद सरन्यायाधीशांकडे गेलं. वरिष्ठ सभागृहाने २००६ पासून आपला अध्यक्ष स्वतः निवडायला सुरुवात केली आणि १ ऑक्टोबर २००९ रोजी स्वतंत्र सर्वोच्च न्यायालय सुरू झालं. तिथले न्यायमूर्ती विग घालत नाहीत. दिवाणी न्यायालयांतल्या न्यायाधीशांचे विग त्याआधी एक वर्ष उतरले होते.

लॉर्ड चॅन्सलर उमराव आणि कायदेतज्ज्ञ असावा ही प्रथाही त्या कायद्यानंतर मोडली. २००७ मध्ये कनिष्ठ सभागृहातला मंत्री तिथे आला, २०१२ मध्ये वकिलीशी संबंध नसलेला. एक जबाबदारी मात्र कायद्याने ठळक केली: न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचं रक्षण, तेही शपथेवर.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या खटल्यात सरकारविरुद्ध निकाल लागला आणि एका दैनिकाने तिन्ही न्यायाधीशांचे फोटो छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. तेव्हाच्या लॉर्ड चॅन्सलर कायद्याच्या क्षेत्रातल्या नव्हत्या. त्यांचं निवेदन उशिरा आलं आणि तेही गुळमुळीत होतं. वृत्तपत्रांवर टीका करणं आपलं काम नाही, अशी त्यांची भूमिका होती. मार्च २०१७ मध्ये सरन्यायाधीशांनी संसदेच्या समितीपुढे ती भूमिका साफ चुकीची असल्याचं सांगितलं.