आचार्य-साधक संबंध (आधुनिक बौद्ध परंपरा)

बौद्ध साधनेत मार्गदर्शक आणि साधक यांच्यात जडणारे नाते व त्यातून साधकाने पत्करलेली बांधिलकी. बुद्धांनी वारस नेमला नाही. आपल्या पश्चात धम्म आणि विनय (भिक्षुसंघाचे नियम) हेच शास्ता, म्हणजे गुरू, असे त्यांनी आपला शिष्य आनंद याला सांगितले. वीमंसक सुत्त या पाली उपदेशात तर खुद्द तथागताचीही पारख करायला सांगितली आहे. तरीही हा मार्ग एकट्याचा मानलेला नाही. कल्याणमित्र, म्हणजे सन्मार्गाला लावणारा सोबती, लाभणे म्हणजे निम्मे ब्रह्मचर्य (येथे अर्थ धम्माचरणाचे जीवन), असे आनंद म्हणाला तेव्हा बुद्धांनी सांगितले, निम्मे नव्हे, संपूर्ण.

विनयानुसार नवा भिक्षू किमान पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहतो. उपाध्यायाच्या, म्हणजे दीक्षा देणाऱ्या गुरूच्या, मनात मिथ्यादृष्टी शिरली तर ती दूर करणे हे शिष्याचेच कर्तव्य ठरते. आज याची आठवण फार कमी ठेवली जाते.

विसाव्या शतकात साधना विहाराबाहेर पडून गृहस्थांपर्यंत पोहोचली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि लगेच स्वतः लाखोंना दीक्षा दिली. तेथे अनुयायी बांधले गेले ते बावीस प्रतिज्ञांना. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातील गृहस्थ आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यना शिकून १९६९ पासून भारतात शिबिरे घेतली. या दहा दिवसांच्या शिबिरांत आज सूचना आणि प्रवचने ध्वनिमुद्रित असतात. शंकांना सहायक आचार्य उत्तरे देतात. साधक मौन पाळतो, शिबिर अर्धवट न सोडण्याचे कबूल करतो, इतर साधना बाजूला ठेवतो. अधिष्ठानाच्या, म्हणजे दृढ निश्चयाच्या, बैठकीत तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, अशी अपेक्षा असते. बांधिलकीचा खरा कस तिथे लागतो, कारण विचारणारे कोणी नसते.

रिंझाई या जपानी झेन पंथात याउलट सारे समोरासमोर घडते. साधक वाकून नमस्कार करून आचार्याच्या खोलीत शिरतो आणि कोआनचे, म्हणजे तर्काने न सुटणाऱ्या कोड्याचे, उत्तर मांडतो. आचार्याने घंटी वाजवली की भेट संपली.

वज्रयानात, म्हणजे तिबेटी तांत्रिक बौद्ध परंपरेत, गुरूला बुद्धस्वरूप मानतात आणि अभिषेकानंतर (तांत्रिक दीक्षेनंतर) समय, म्हणजे गुरूशी जोडणारी प्रतिज्ञा, मोडणे घोर समजतात. म्हणूनच गुरू-शिष्यांनी एकमेकांना आधी पारखावे, त्यात बारा वर्षे गेली तरी चालतील, असे परंपरा सांगते. आधुनिक केंद्रांत ही पारख अनेकदा गाळली गेली आणि निष्ठेच्या नावाखाली शोषण झाकले गेले. तिबेटी गुरू सोग्याल रिंपोछे यांच्याविरुद्ध २०१७ मध्ये आठ शिष्यांनी पत्र लिहून मारहाण व लैंगिक शोषणाचे आरोप केले. पुढील वर्षी स्वतंत्र चौकशीत त्यांतील बऱ्याच आरोपांना पुष्टी मिळाली. हे पत्र लिहिणे म्हणजे समय मोडणे, असे म्हणणारेही होते. पण गुरूचे गैरवर्तन उघड करावे, ही भूमिका दलाई लामांनी १९९३ मध्येच धरमशाला येथे पाश्चात्त्य आचार्यांसमोर मांडली होती. आता अनेक संघांनी आचार्यांसाठी लेखी आचारसंहिता केल्या आहेत.