एक भ्रूण की तीन? ट्रान्सफरच्या आकड्यामागची गोष्ट

जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळासाठी एकच भ्रूण सोडला होता. औषधं न देता, नैसर्गिक पाळीत तयार झालेलं एक स्त्रीबीज काढून फलित केलं आणि आठ पेशींचा भ्रूण गर्भाशयात ठेवला. पुढच्या काही वर्षांत इंजेक्शनं आली, एका पाळीत बरीच बीजं मिळू लागली आणि तीन-चार भ्रूण एकदम सोडण्याची रीत पडली. तेव्हाच्या प्रयोगशाळांत भ्रूण दोन-तीन दिवसांपलीकडे नीट वाढत नसत, त्यामुळे कोणता रुजेल ते ओळखता येत नसे. चार टोकून एक उगवला तरी पुष्कळ, असा तो हिशेब होता.

भ्रूण गर्भाशयात सोडण्याचं, म्हणजे ट्रान्सफरचं, तंत्र हळूहळू सुधारत गेलं. सुरुवातीला डॉक्टर हाताच्या अंदाजावर कॅथेटर, म्हणजे भ्रूण नेणारी बारीक नळी, आत सरकवत. कॅथेटरचं टोक गर्भाशयाच्या वरच्या भिंतीला टेकलं की गर्भाशय आकुंचन पावतं, हे लक्षात आल्यावर मऊ कॅथेटर आले आणि भिंतीपासून दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे थांबायचा दंडक आला. पोटावरून सोनोग्राफी करत ट्रान्सफर केल्यास गर्भधारणा वाढते, हे चाचण्यांतून दिसलं. लघवी साठवून ठेवायला सांगतात ते त्यासाठीच: चित्र स्पष्ट दिसतं आणि गर्भाशयाचा कोनही सरळ होतो. ट्रान्सफरनंतर पडून राहण्याचा मात्र काही फायदा सिद्ध झालेला नाही. तरी आपल्याकडे घरोघरी पंधरा दिवस जिना बंद, पपई बंद, पाय उशीवर. गर्भाशयाच्या अस्तराला आधी ओरखडा काढण्याची टूमही बरीच वर्षं चालली. २०१९ च्या मोठ्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत प्रसूतीचं प्रमाण सारखंच, २६ टक्क्यांच्या आसपास निघालं.

खरा फरक पडला तो गोठवण्यामुळे. गोठवलेल्या भ्रूणापासून पहिलं बाळ १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलं, असं सांगतात. पण ऑक्टोबर १९७८ मध्येच कोलकात्यातल्या एका डॉक्टरांनी गोठवलेला भ्रूण वापरल्याचं जाहीर केलं होतं. सरकारी समितीने त्यांचा दावा उडवून लावला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून गाजलेल्या, १९८६ च्या मुंबईतल्या बाळामागच्या शास्त्रज्ञानेच पुढे त्यांच्या नोंदी तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. पुढे २००० नंतर झटपट गोठवण्याची पद्धत, म्हणजे व्हिट्रिफिकेशन, रुळली. पाचव्या दिवसापर्यंत, ब्लास्टोसिस्ट म्हणजे रुजायला तयार असा पेशींचा पोकळ गोळा होईतो भ्रूण वाढवणंही त्याच सुमारास सर्रास होऊ लागलं. आता एक सोडून बाकीचे जपून ठेवता येत होते.

मग किती सोडायचे? वाद इथेच पेटला आणि आजही तो पुरता मिटलेला नाही.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या एका चाचणीत ३६ वर्षांखालच्या ६६१ स्त्रिया होत्या. एका गटात दोन भ्रूण एकदम सोडले. दुसऱ्या गटात एक सोडला आणि तो रुजला नाही तर गोठवलेला एक नंतर सोडला. पहिल्या गटात सुमारे ४३ टक्के स्त्रियांना मूल झालं, दुसऱ्यात सुमारे ३९ टक्के. पण पहिल्या गटातल्या प्रसूतींपैकी ३३ टक्के जुळ्या होत्या, दुसऱ्यात एक टक्काही नाही. मुदतीआधीची प्रसूती, कमी वजनाची बाळं, आईचा रक्तदाब हे सगळं जुळ्यांबरोबर वाढतं. चार टक्क्यांसाठी एवढी जोखीम घेणं मला तरी पटत नाही.

पण त्याच चाचणीत ताज्या एका भ्रूणानंतर, पहिल्या फेरीपुरता आकडा सुमारे २८ टक्केच होता. क्लिनिक जाहिरातीत एका ट्रान्सफरचं यश छापतं, तेव्हा एकेक सोडणारा प्रामाणिक डॉक्टर कागदावर हरतो. शिवाय ‘यश’ म्हणजे नुसता बीटा एचसीजी (गर्भधारणेची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत दिसलेले ठोके की घरी आलेलं बाळ, हेही फलकावर लिहिलेलं नसतं.

बेल्जियमने यावर २००३ मध्ये पैशाच्या बाजूने तोड काढली: सहा सायकलींचा, म्हणजे उपचाराच्या सहा फेऱ्यांचा, प्रयोगशाळेचा खर्च सरकार देणार, पण किती भ्रूण सोडायचे यावर मर्यादा, ३६ वर्षांखालच्या स्त्रीला पहिल्या वेळी एकच. जुळ्यांचं प्रमाण झपाट्याने घटलं. भारतात २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारणपणे तीनपर्यंत मुभा होती. २०२१ च्या कायद्यांनंतर आलेल्या सरोगसीच्या नियमांत एकच भ्रूण, आणि विशेष परिस्थितीत तीनपर्यंत, असं म्हटलं आहे. आपल्याकडे बहुतेक जोडपी खर्च स्वतःच्या खिशातून करतात, दागिने मोडून किंवा कर्ज काढून. ‘दोन सोडा डॉक्टर, जुळी झाली तर एकदाच सुटलो’ असं म्हणणाऱ्या जोडप्याला वैद्यकीय जोखीम समजत नसते असं नाही. त्यांना दुसऱ्या सायकलीचे पैसे दिसत असतात. एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, बिल मात्र या हिशेबात क्वचितच धरलेलं असतं.